चेटकिणीच्या डाव्या भुवईचे मूळ

कलाकृतीचा मोठेपणा तिच्यावर किती जणांचा प्रभाव पडला यावरून ठरतो. ती काढली कुणी, ही बाब दुय्यम. जुन्या भयचित्रकथा रसग्रहण मंडळाने हे एकमताने ठरवले, तेव्हा ‘चेटकिणीची खानावळ’चे बावन्न अंक काढणारे म्हातारे चित्रकार घरी टेबलफॅनला तेल देत होते.

सत्कारात त्यांच्या पदरात पडणार होते ते असे: चौकटीतले मानपत्र, ‘आद्य’ ही पदवी आणि बायकोसमोर एकदा तरी हुशार ठरण्याची संधी. (पहिल्या दोन्हींचा त्यांना मोह नव्हता.)

अट एकच. प्रपत्रात किमान तीन प्रभाव हवेत, पैकी दोन परदेशी. चित्रकारांनी रकाना प्रामाणिकपणे कोरा सोडला. मंडळाने तो भरून घेतला. चेटकिणीची हिरवी कातडी म्हणजे युरोपीय नैराश्य. (छापखान्यात हिरवी शाई उरली होती. छापखानेवाल्याला निमंत्रण नव्हते.) तिला पावले नसणे म्हणजे अस्तित्वाचा अधांतरीपणा. (चित्रकारांना पावले जमत नसत.) असे सात प्रभाव भरले. राहिली ती भुवई. माणूस खाण्याआधी चेटकीण उचलते ती एकच, डावी.

“भुवई कुठून आली, सर?” अध्यक्षांनी भरसभेत विचारले.

चाळीस वर्षे चित्रकारांनी ही गोष्ट घरात कळू दिली नव्हती, आणि घर पहिल्या रांगेत बसले होते.

“सुचली,” ते म्हणाले.

“अशीच?” पहिल्या रांगेतून बायकोने विचारले. आणि तिची डावी भुवई वर गेली.

सभागृहात एकशे त्रेचाळीस माणसे होती. एकशे चाळीस दचकली. (तिघे झोपले होते.) एका समीक्षकाच्या हातून कप सुटला. मंडळाच्या बारा वर्षांच्या रसग्रहणात कुणी घाबरल्याची ही पहिलीच नोंद.

अध्यक्ष गहिवरले. “पाहिलंत? इतकी वर्षं चित्रं घरात राहिली, तर वहिनींवर केवढा प्रभाव पडला!”

सर्वांत जोरात टाळ्या चित्रकारांनी वाजवल्या.

घरी येताच बायकोने माळ्यावरून पहिला अंक काढला, तारीख पाहिली. लग्नानंतर तीन आठवडे.

“उद्यापासून चहा तुम्ही करायचा,” ती म्हणाली. “आणि मला पावलं आहेत, तेवढं लक्षात असू द्या.”

अखेरचा हिशेब असा: अध्यक्षांना त्यांच्या आगामी ग्रंथाचे दहावे प्रकरण मिळाले, चित्रकारांना मानपत्र (सध्या गॅसच्या वर, चहा करताना दिसेल असे). किंमत मोजली बायकोने: मंडळाच्या दप्तरी ती ‘प्रभावित व्यक्ती, क्रमांक एक’ आहे.

हे वाचून आपली भुवई वर गेली असल्यास आपण क्रमांक दोन. नाव वगळण्याचे अर्ज मंडळ स्वीकारते, आणि प्रभावाचा पुरावा म्हणून जपून ठेवते.