चपला काढून दिलेलं उत्तर

शिमोन कंपाउंडरांना साधी वेळ विचारली तरी ते आधी पायातल्या चपला काढत.

थट्टा करत नाही. नंदुरबार स्टेशनासमोर भर रस्त्यात एका प्रवाशानं त्यांना विचारलं, भुसावळची गाडी गेली का? शिमोनभाऊ थांबले. चपला काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या आणि डोळे मिटून उभे राहिले. तो बिचारा हातात ट्रंक घेऊन यांच्या तोंडाकडे बघतोय. तेवढ्यात आत गाडीनं शिट्टी दिली. शिमोनभाऊंनी डोळे उघडून सांगितलं, "गेली नव्हती. आता निघाली." हे मी पार्सल ऑफिसच्या खिडकीतून माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पुढची गाडी येईपर्यंत तो माणूस माझ्याच बाकावर बसला होता आणि तोवर तो जे जे बोलला ते सगळं मला ऐकून घ्यावं लागलं.

मी पार्सल क्लार्क. मिरचीची पोती कधी लागतील, केळीचे घड कुठे अडकले, दिवसभर लोक विचारतात आणि मी मान वर न करता सांगतो. खरं-खोटं मागून बघता येतं, उत्तर तयार पाहिजे. घरीही माझा हाच खाक्या. कुणाकडे गेलो आणि त्यांनी माझ्या बायकोला, सुभद्रेला, चहा विचारला, तर "ती घेत नाही" हे मीच सांगून मोकळा होतो. अशा माणसाच्या भिंतीला भिंत लावून देवानं शिमोनभाऊंना आणून बसवलं. त्यात त्याचा काय हेतू होता, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आज म्हातारपणीही नीटसं कळलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. शिमोनभाऊ मूळचे नवापूरकडच्या डोंगरातले. गावातल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. बायको वारलेली, एकुलती मुलगी करुणा बाहेरगावी नर्सिंग शिकायला. मुलीशी ते त्यांच्या डोंगरातल्या बोलीत बोलत, आमच्याशी अहिराणीत, आणि देवाविषयी काही निघालं की चर्चमधल्या उपासनेतली मराठी सुरू होई. ती इतकी शुद्ध की एखाद्या शब्दाचा अर्थ मलाच विचारावा लागे. पण भाषा कुठलीही असो, चपला काढून, डोळे मिटून, एवढा वेळ घेऊन निघणारं उत्तर बहुतेक वेळा एकच असे. "माले माहीत नही."

अरे, मग आधीच सांगायचं ना!

दवाखान्यात तर हा प्रकार बघवत नसे. डोंगरातून येणाऱ्या बायाबापड्यांना मराठी येत नसे आणि डॉक्टर परमुलखातले, त्यांना यांची बोली येत नसे. मध्ये दुभाषी शिमोनभाऊ. डॉक्टर विचारत, कधीपासून दुखतं? शिमोनभाऊ चपला काढणार, पेशंटसमोर उकिडवे बसणार, विचारणार, तो बोलेपर्यंत थांबणार, मग परत विचारणार. दुसऱ्या कुणी दहा जणांना औषध देऊन वाटेला लावलं असतं, तेवढ्यात यांचा एक होई. बाहेर ओटीवर रांग चुळबुळत बसे.

बरं, यातून भलतंच निघालं. आमच्याकडे डोंगरातला भगत कुणाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी असाच गप्प उभा राहतो आणि मग त्याच्या अंगात येतं. लोकांनी ठरवून टाकलं की शिमोन कंपाउंडरच्याही अंगात येतं. एका थंडीत मिरची वाळवायच्या पथारी लालभडक पसरल्या होत्या आणि आभाळ अवेळी भरून आलं. मिरचीचे एक मारवाडी शेठ धावत यांच्याकडे आले. पाणी येईल का? शिमोनभाऊंनी चपला काढल्या, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "माले माहीत नही."

शेठ पांढरेफटक पडले. ज्याच्याशी देव बोलतो त्यालाच माहीत नाही म्हणजे देव काहीतरी लपवतोय, असा त्यांनी अर्थ काढला. दुपारच्या आत सगळी मिरची गोळा करून शेडखाली घातली. मी खिडकीतून पोट धरून हसत होतो. संध्याकाळी पाऊस आला आणि बाकी सगळ्यांची मिरची भिजली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात नारळ यायला लागले. तापीकाठचा एक गुजर शेतकरी म्हैस हरवली म्हणून आला आणि दोन तास हलेना. शिमोनभाऊ हात जोडून एकेकाला सांगत होते, "भाऊ, मन्हा आंगमा कोनी येत नही. मी नुस्ता उभा ऱ्हास." लोकांना तो त्यांचा नम्रपणा वाटला. शेवटी त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत बातमी गेली. त्यांनी बोलावून घेतलं, हे काय चालवलंय म्हणून विचारलं. आता तिथे तरी पटकन बोलायचं की नाही? तिथेही यांनी आधी चपला काढल्या.

एकदा मी वैतागून खुलासाच मागितला. ते ओट्यावर बसले होते. त्यांचं म्हणणं असं की माणसाला आधी परमेश्वराचं भय लागावं लागतं, शहाणपण असलं तर त्याच्या मागून येतं. मी म्हटलं, भय म्हणजे कसलं? वाघाचं वाटतं तसं? की आमच्या स्टेशनमास्तरचं? तर म्हणाले, तसं नाही. दवाखान्यात एक औषध आहे, गुंजभर दिलं तर माणूस उठून बसतो आणि जरा जास्त झालं तर उठतच नाही. ते तोलताना मी काट्यापासून पळून जात नाही, पण श्वास धरून ठेवतो. तसं. मला वाटलं कळलं. घरात येऊन सुभद्रेला समजावून सांगायला लागलो, तर दुसऱ्याच वाक्याला माझाच घोटाळा झाला.

अशात करुणा सुट्टीला घरी आलेली असताना तिला स्थळ आलं. मुलगा नवापूरकडचाच, शाळेत मास्तर, आणि मुलाचे वडील निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या समाजात शिकलेली मुलं तेव्हा बोटावर मोजण्याइतकी. आईविना वाढलेली पोर चांगल्या घरात पडावी, एवढी एकच गोष्ट शिमोनभाऊंनी आयुष्यात मागितली असेल. ते आठ दिवस नीट जेवले नाहीत. नातेवाईक लांब डोंगरात, म्हणून मुलीकडून बोलायला मी.

मी त्यांना बजावून ठेवलं होतं. उद्या चपला काढायच्या नाहीत. ते काही विचारोत, हो म्हणायचं, बाकी मी बघतो. मग माझ्या डोक्यात आलं की बैठक घरात आहे, घरात चपला आधीच दाराबाहेर असणार. काढायला पायात काही नाहीच म्हटल्यावर हा गृहस्थ करणार काय? मला फार हायसं वाटलं.

पाहुणे आले. मुलगा खाली मान घालून बसला. हेडमास्तर ताठ, छडीसारखे, बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं. शिक्षण, घराणं, तब्येत, सगळ्याची उत्तरं मी फटाफट दिली. चहा झाला. मग उठता उठता, रिवाज म्हणून विचारतात तसं, हेडमास्तरांनी थेट शिमोनभाऊंना विचारलं, "मुलगी राजी आहे ना?"

मी "हो हो" म्हणायला तोंड उघडलं आणि बघतो तर शिमोनभाऊ जागेवर नाहीत. ते उठून दाराबाहेर गेले, चपला पायात घातल्या, पुन्हा काढल्या, नीट लावून ठेवल्या आणि डोळे मिटून उंबऱ्याशी उभे राहिले. हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघितलं.

"मला माहीत नाही," शिमोनभाऊ म्हणाले. "मी तिला विचारलेलं नाही."

आणि स्वयंपाकघरात जाऊन ते करुणेला बाहेर घेऊन आले. भरल्या बैठकीत, सगळ्यांदेखत, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांच्या बोलीत तिला काहीतरी विचारलं. मला शब्द कळले नाहीत पण प्रश्न कळला. करुणा गप्प. तेही गप्प. मला वाटलं, आता ती रडणार. बऱ्याच वेळानं ती हळू आवाजात बोलली आणि शिमोनभाऊंनी एकेक वाक्य मराठीत आणून ठेवलं. मुलगा तिला आवडलाय. पण नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय, ते पुरं करून मगच लग्न.

हेडमास्तरांनी काठी उचलली, आम्हाला पाळकसाहेबांकडे जेवायचं आहे, चारच्या गाडीनं निघू, एवढं सांगून मुलाला घेऊन गेले.

ते गल्लीच्या टोकाला वळले आणि मी तोंड सोडलं. इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता. म्हटलं, पोरीच्या पुढ्यात वाढलेलं ताट तुम्ही आपल्या हातानं उचललंत. एक हो म्हणायला काय जात होतं? कसलं भय आणि कसलं शहाणपण, हा निव्वळ वेडेपणा आहे.

शिमोनभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग ते अहिराणी सोडून उपासनेतल्या मराठीत बोलायला लागले.

"बाबू, करुणेची आई आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं, कुठे दुखतं, किती दुखतं. तिला मराठी येत नव्हती. मध्ये मी होतो. मी तिच्याकडे वळलोसुद्धा नाही. मी कंपाउंडर, मला सगळं माहीत होतं. म्हटलं, थोडं पोट दुखतं, साहेब, पित्त असेल. ती माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. आठव्या दिवशी ती गेली."

त्यांनी दाराबाहेरच्या आपल्या चपलांकडे बघितलं.

"काय सांगायचं होतं, ते मला माहीत नाही. त्याआधी मी दर रविवारी प्रार्थनेला जात होतो, पण देवाचं भय मला त्या दिवशी लागलं. माणूस काही विचारतो किंवा आपण त्याला विचारतो, तेव्हा आपण त्याच्या आत पाय टाकतो. ती जागा आपली नाही. तिथे चपला घालून जायचं नाही."

स्वयंपाकघरात करुणा भांडी आवरत होती, त्या आवाजात मी बसून राहिलो. लग्न झाल्यापासून सुभद्रेला मी काय काय विचारलं ते आठवायला लागलो, तर एकही प्रश्न आठवेना.

चारच्या सुमाराला आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. पोचवायला जाणं भाग होतं, मोडलं तरी पाहुणेच ते. नवापूरकडे जाणारी पॅसेंजर लागली. बापलेक डब्यात चढले. गार्डानं शिट्टी फुंकली. तेव्हा हेडमास्तरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. चेहरा तसाच छडीसारखा, पण आवाज जरा उतरलेला.

"आमच्या चिरंजीवांनाही मी काही विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "आज जेवताना विचारलं. तो म्हणतो, वर्षभर थांबतो."

गाडी हलली. खिडकीतून मुलानं आम्हाला हात जोडले. त्याचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. गोड मुलगा होता.

मी खुशीत शिमोनभाऊंच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, जिंकलात कंपाउंडर. वर्ष काय, हां हां म्हणता जाईल. पोरगी सासरी सुखात राहील. आणि माझ्या सवयीप्रमाणे, मान वर न करता, पुढचं बोलून गेलो, "पण ती गेल्यावर तुम्ही एकटे घरात करणार काय?"

ते चालता चालता थांबले. वाकून चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या आणि डोळे मिटले. उन्हाचे दिवस, प्लॅटफॉर्मची फरशी तव्यासारखी तापलेली. गाडीचा आवाज पार पुलापलीकडे गेला तरी ते उभेच. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

"माले माहीत नही, बाबू," ते म्हणाले.

चटकन काहीतरी बोलावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. आम्ही आहोत ना, असलंच काहीतरी. ते मी गिळलं. माझ्या पायात रेल्वेचे बूट, नाड्यांचे. खाली बसून ते सोडायला मला बराच वेळ लागला, आणि तोवर शिमोनभाऊ माझ्यासाठी थांबून राहिले.