धोंडप्पांचा उलटा प्रचार

"या शनिवारी सरपंच खाली उतरल्याच म्हणून समज!" धोंडप्पांनी छाती ठोकून सांगितलं. सांगितलं ते म्हशीला. कारण सरपंच ही त्यांचीच बायको होती.

काशम्मा निवडून आल्या तेव्हा अक्कलकोट तालुक्यातल्या ते गाव धरूनच चाललं होतं, की सही काशम्मांची आणि कारभार धोंडप्पांचा. धोंडप्पांनी तर नवे पांढरे सदरेही शिवून घेतले. पण काशम्मांनी पहिल्याच दिवशी शिक्का कनवटीला लावला. तेव्हापासून त्या कधी पाण्याच्या टाकीवर, कधी सोलापूरला झेडपीत. सदरे पेटीत राहिले आणि चूल थंड. सोलापूरच्या कडक भाकरीचं जग कौतुक करतं. पण घरात बायको असताना ती पाकिटातून काढून खायची वेळ आली, की माणूस लोकशाहीचा फेरविचार करू लागतो. धोंडप्पांना तव्यावरची गरम भाकरी हवी होती. बाकी त्यांचं काशम्मांशी काही वाकडं नव्हतं.

अशात नळ कोरडे पडले. पंचांनी अविश्वास ठराव केला, आणि निवडून दिलेला सरपंच ठेवायचा की उतरवायचा, हे आता गावानंच ग्रामसभेत चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. गाव तापलेलं होतं. धोंडप्पा नुसते घरी बसले असते तरी काम झालं असतं. पण आपलाही हातभार लागावा म्हणून ते घरोघर निघाले.

रेवणसिद्ध वाणी दुकानात काशम्मांच्या नावानं बोटं मोडत होता. "तिला कारभार जमत न्हाय, उतरवा सरळ," असं धोंडप्पा म्हणताच तो एकदम गोड झाला. वैनींसारखा सरपंच तालुक्यात नाही म्हणाला आणि वर गुळाचा खडा हातावर ठेवला. मल्लव्वा दारात रिकाम्या घागरीवर बसल्या होत्या. पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, "लई हाय की!"

गावाचंही चुकत नव्हतं. मागच्या निवडणुकीत धोंडप्पा असेच बायकोला नावं ठेवत घरोघर फिरले होते. कोण मान डोलावतो ते बघायचं आणि विरोधक ओळखायचा, ही त्यांचीच युक्ती. विजयाच्या पंगतीत ज्यांच्या माना डोलल्या होत्या, त्यांच्या पानांवरून हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पळी सरळ पुढं गेली. गाव पाण्यावाचून राहील, पण असली हुग्गी विसरत नाही.

"सिद्धरामेश्वराची आण, या खेपेला खरंच सांगतोय," धोंडप्पा काकुळतीला आले.

"मागच्या टायमाला बी हीच आण घेतली हुती की," मल्लव्वा म्हणाल्या.

शनिवारी चिठ्ठ्या मोजल्या. उतरवा म्हणणाऱ्या निघाल्या दोन. बाकी अख्खं गाव काशम्मांच्या मागं. लोकांनी हार धोंडप्पांच्या गळ्यात घातला, आणि मालकांनी घरोघर फिरून माझी लाज राखली, असं काशम्मांनी माईकवरून सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी कित्येक महिन्यांनी चूल पेटवली. टम्म फुगलेली भाकरी धोंडप्पांच्या ताटात आली.

"त्या दोनातलं एक मत कुणाचं, ते मला ठावं हाय," काशम्मा म्हणाल्या.

घास हातातच राहिला. "कुणाचं?"

"माझं. कडक भाकरी चावताना तुमचा जबडा वाजतो, ते मला ऐकवंना. म्हटलं, उतरवू दे गावानं, घरी तरी बसंन. तर तुमीच एवढा जीव लावून फिरलासा!"

दुसरं मत कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही. हाताचं पीठ झटकून त्या उठल्या.

"टाकीवर चाललेय. गावानं आता एवढा इस्वास टाकलाय म्हटल्यावर बसून कसं चालंल? दुसरी भाकरी पाकिटात हाय."

धोंडप्पांनी मुकाट्यानं पाकीट फोडलं. गोठ्यातून म्हशीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.