डोक्यावरून कान

दशरथ गुरुजी कुणालाही वय विचारत नाहीत. समोरच्याला म्हणतात, "उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर." मी इंदिरानगरात राहायला आलो तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मलाही हे करायला लावलं. मी बासष्ट वर्षांचा होतो आणि हातात दुधाची पिशवी होती.

गुरुजी आता सत्त्याऐंशीचे आहेत. विशीत ते सायखेड्याच्या शाळेत लागले, तेव्हा जन्माची नोंद फारशी कुणाकडे नसे. ज्या पोराचा हात डोक्यावरून कानाला पोचेल ते सहा वर्षांचं धरायचं आणि जन्मतारीख एक जून लिहायची, अशी रीत होती. त्यामुळे त्यांचे बहुतेक विद्यार्थी एकाच दिवशी जन्मले. एक जूनला सकाळी गुरुजी वही उघडून फोन लावतात. "तारीख मी दिली, शुभेच्छाही मीच देणार," हे त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या वयावर टीव्हीवर वाद रंगला, तेव्हाही त्यांनी एवढंच सुचवलं की दोघांना कान धरायला सांगा, विषय मिटेल.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची निवडणूक यंदा वयावरच आली. मागचे दोन्ही अध्यक्ष, दोघंही गुरुजींचे विद्यार्थी, पदावर असतानाच गेले. सहली, निवेदनं, श्रद्धांजली सभा. अध्यक्षाला धावपळ फार. पंचाहत्तरीच्या आतला द्या, नाहीतर मत नाही, असं सभासद उघड सांगू लागले. समोरच्या गटानं एकाहत्तर वर्षांचा उमेदवार दिला. आमच्या गटात इच्छुक दोन होते. एक एकोणऐंशीचे अण्णा. दुसरे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले त्र्याहत्तरचे भास्करराव, तेही गुरुजींचे विद्यार्थी. भास्करराव सहा महिने घरोघर फिरले होते.

एकच नाव ठरवायला गट माझ्या घरी जमला. भास्करराव नवं जाकीट घालून आले आणि त्यांनी आधार कार्ड टेबलावर ठेवलं. गुरुजींनी ते बाजूला सारलं आणि दोघांना कान धरायला सांगितलं. अण्णांचा हात टकलाच्या मध्यावर अडला. लासलगावची गाडी वाटेत निफाडलाच थांबली, असं कुणीतरी म्हणालं. भास्कररावांनी मात्र कान झटकन धरला. मी ठरावाचा कागद पुढे ओढला.

"पहिल्या दिवशीही यानं असाच धरला होता," गुरुजी म्हणाले. "धरणारच. नऊ वर्षांचा होता. मी सहा लिहिलं."

माझं पेन कागदावर टेकलं ते तसंच राहिलं. त्र्याहत्तरात तीन मिळवायला कुणाला वेळ लागला नाही.

आई गेल्यावर मामाची गुरं राखण्यात शाळेची तीन वर्षं गेली, हे भास्कररावांनी नाकारलं नाही. ते उभे राहिले. "गुरुजी, या तारखेवर मी तीन वर्षं जास्त नोकरी केली. तेव्हा कधी बोलला नाहीत. आज चार माणसांत बोललात?"

"आजच बोलायची वेळ होती," गुरुजी म्हणाले.

भास्करराव कार्ड उचलून निघून गेले. अण्णांचं नाव एकमतानं ठरलं. त्यांचा जन्म नाशिकच्या दवाखान्यातला, दाखल्यासकट. वय जास्त आहे पण खरं आहे, असा प्रचार करायचं ठरलं.

गुरुजींना घरापर्यंत सोडायला मी गेलो. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना मी बऱ्याच जणांची उमेदवारी कापली गेल्याच्या बातम्या लिहिल्या. गुरूनं शिष्याची कापल्याची एकही नव्हती. असं का केलंत, मी सरळ विचारलं.

त्यांनी खिशातून वही काढून पहिल्या वर्गाचं एक जूनचं पान दाखवलं. नावं खूप होती आणि जवळजवळ सगळ्यांवर रेघ मारलेली होती. शेवटच्या दोन रेघा आमच्या दोन अध्यक्षांवरच्या. मोकळं नाव एकच उरलं होतं, भास्कर.

"आता तो माझा फोन उचलायचा नाय," वही मिटत गुरुजी म्हणाले. "नको उचलू दे. लावायला हाय, एवढं पुरे."