बस्त्यावकाकाचं वाळवंट

बस्त्यावकाकाला रिकामी जमीन बघवत नसे. कुठे मोकळी जागा दिसली की "फुकट चाल्लीय जागा!" असं पुटपुटत तो कमरेचा कोयता काढायचा, माती उकरायचा आणि खिशात जे बी असेल ते तिथे पुरून मोकळा व्हायचा. वसईच्या कोर्टामागे आरोपी बिड्या ओढत पुकाऱ्याची वाट बघायचे, तिथे त्याने अळू लावलं. पोस्टाच्या पन्हळीवर दुधीचा वेल चढवला. एका सकाळी मी उठून बघतो तर माझ्या अंगणात, नेमकी मी सायकल टेकवायचो तिथे, एक केळ उभी. आता सायकल कुठे ठेवू, असं मी जरा तापूनच विचारलं.

"केळीना टेकव," काका म्हणाला. "ती काय नाय म्हनते?"

मी तेव्हा वसईच्या कोर्टात कारकून होतो आणि गिरीजला काकाच्या शेजारी राहायचो. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या दोन वाड्यांमध्ये एक कुंपण होतं म्हणतात. मी ते कधी पाहिलं नाही, कारण काका कुंपणालाही रिकामी जागाच समजायचा आणि त्यावर तोंडलीचं रान माजलेलं होतं. त्याच्या वाडीत तर विचारूच नका. वर माड, माडांखाली राजेळी केळी, केळींखाली अळू, हळद, मिरच्या. भर दुपारी बारा वाजता तिथे गेलं तरी चष्मा पुसावासा वाटे. आत कुठूनतरी रहाटाची कुरकुर आणि रेड्यावर ओरडणाऱ्या काकाचा आवाज यायचा, त्या आवाजाच्या रोखाने चालत जायचं, एवढाच घर सापडण्याचा मार्ग.

काकाची बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी कात्री, तिला त्यानेच वाढवलं. तिचं लग्न रेल्वेतल्या मुलाशी झालं आणि वर्षभरात जावयाची बदली मारवाडातल्या एका आडबाजूच्या स्टेशनावर झाली. जावई तिथून सुट्टीवर आला तेव्हा काकाने त्याला एकच प्रश्न विचारला, "तिथं झाडं कसली हायत?" जावई बिचारा प्रामाणिक. तो म्हणाला, "झाडं नाहीत, बाबा. वाळू आहे."

झालं! त्या दिवसापासून काकाला वाळवंटाने पछाडलं. पोरगी उन्हात, तिच्या डोक्यावर एक पानसुद्धा नाही, हे त्याच्या डोक्यातून जाईना. पण ते तो तसं बोलायचा नाही. बोलायचा ते देशाविषयी. सरकार म्हणे वाळवंटात कालवे नेणार, वस्त्या करणार, असं त्याला कुणीतरी पेपरातून वाचून दाखवलं होतं. "एवढा मोठा मुलूख नि सगळा फुकट!" तो कळवळून म्हणायचा. "वाळवंट म्हंजे काय? पानी न पाजलेली वाडी! आपली वसईची जमीन तरी काय व्हती? रेतीच ना? आपल्या आज्या-पणज्यांनी मासळीचं खत घालून घालून सोन्यासारखी केली."

काकाच्या देवळात, म्हणजे गिरीजच्या चर्चमध्ये, फादरांनी एकदा येशूने वाळवंटात चाळीस दिवस उपास केला त्यावर प्रवचन दिलं. सगळे गहिवरून बाहेर पडले. काका मात्र फादरांना दारात गाठून उभा. "फादर, तिथं विहीर व्हती काय?" फादर म्हणाले, तसा उल्लेख नाही. "नाय, चाळीस दिवस म्हंजे लय झाले," काका म्हणाला. "माठाची भाजी दोनदा निघाली असती."

या बाबतीत काकाला खरा प्रतिवादी भेटला तो वसईच्या बाजारात. पुनमचंदशेठ वाणी. हा मूळचा मारवाडचा, त्यामुळे वाळवंट त्याचं घरचं. काका गूळ घ्यायला गेला की दोघांची जुंपायची आणि कोर्टातला माणूस म्हणून मला मध्ये बसवायचे.

"काका, तुम्ही पाणी जमिनीला पाजता," शेठ तागडी तोलत सांगायचा. "आमच्याकडे पाणी माणसाला नि जनावराला. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर गुरं घेऊन चालायला लागायचं. आमची जमीन रिकामी नाही. तिच्यावरून माणसं फिरतात. उद्या तुम्ही कालवा आणणार, कुंपण घालणार, वस्ती करणार. मग आमच्या उंटवाल्याने जायचं कुठे?"

"त्याला केळी देऊ."

"त्याला केळी. आणि उंटाला?"

काका विचारात पडायचा. "उंटाना केळीची सालं चालतात काय?" तो मलाच विचारायचा.

शेठकडे आणखी एक हत्यार होतं. वाळूला फार पाणी पाजलं की खालचं मीठ वर येतं, असं तो म्हणायचा. यावर काका गुळाचा भाव काढायचा, कारण उपसा वाढून खारट झालेल्या विहिरी आमच्याही भागात होत्या. मी दोन्ही बाजू ऐकून, थोडा गूळ तोंडात टाकून, निकाल राखून ठेवायचो.

शेवटी काका स्वतःच निघाला. निघायच्या दिवशी त्याचं सामान बघून मी कपाळाला हात लावला. एक ट्रंक, कात्रीसाठी सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा पुडा, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले मुनवे, म्हणजे राजेळी केळीची रोपं, आणि पाचूबंदरहून आणलेलं सुक्या मासळीच्या खताचं एक पोतं. हे खत वसईच्या वाडीवाल्याला इतकं सवयीचं, की त्याला वास असतो हेच तो विसरलेला असतो.

परत आल्यावर प्रवासाची हकिगत त्यानेच सांगितली. "लोकं लय चांगली रे तिकडची," तो म्हणाला. "सुरतेपर्यंत बसायला जागा नव्हती. मग मी पोतं बाकाखाली सरकवलं, तर एकेक जन आपन होऊन उठला. अख्खा बाक मना दिला. मी झोपून गेलो."

मुक्कामाला पोचल्यावर मात्र कथेला वेगळं वळण लागलं. जावयाच्या क्वार्टरमागे काकाने पहाटेच खड्डे खणले, मुनवे लावले, वर पोतं रिकामं केलं. आणि घरात पिंपभर पाणी दिसलं ते सगळं केळींना पाजलं. ते पाणी रेल्वेच्या टाकीतून मापाने मिळायचं आणि पुढची टाकी यायला अवकाश होता. ऊन चढलं तसा वासही चढला. स्टेशनमास्तर शुद्ध शाकाहारी, सगळं गाव शाकाहारी, अंडंसुद्धा कुणी पाहिलेलं नाही. आधी घारी आल्या, मग कुत्री, आणि त्यांच्यामागून पागोटी घातलेले गावकरी नाकाला उपरणी लावून आले. जावई हात जोडून उभा. ते खत शेवटी लांब टेकाडापलीकडे नेऊन पुरावं लागलं आणि स्टेशनमास्तरने जावयाला दोन दिवस लांबूनच सिग्नल द्यायला सांगितलं, म्हणजे स्टेशनाच्या जवळ फिरकायचं नाही!

मी हसून हसून लोळायचा बाकी होतो. काका हसला नाही.

"नि कात्री?" मी विचारलं. "रागावली?"

"नाय." तो कोयत्याच्या मुठीशी चाळा करत म्हणाला. "संध्याकाळी तिने खाट भायेर टाकली. मना बसवलं. बोल्ली, बाबा, बघ. मी बोल्लो, काय बघू? इथं काय हाय? तर बोल्ली, तेच बघ. गाडी यायच्या किती आधी तिचा धूर दिसते इथून. आभाळ पार खालपर्यंत दिसते. वाडीत मना आभाळ दिसायचं नाय, बाबा. पानं बाजूला करून बघायला लागायचं. लहानपनी मना त्या काळोखात भ्या वाटायचं, पन तू दिवसभर राबायचास, तुना काय सांगू?"

माझं हसू तिथेच विरलं.

"माजी पोर अंधारात वाढली, दिनू," काका म्हणाला. "मना वाटलं, सावलीत वाढली."

त्यानंतर पुनमचंदशेठने त्याला डिवचून पाहिलं. वाळवंटाचं काय ठरलं, काका? काका गुळाचा पुडा उचलत म्हणाला, "शेठ, कुनाला पायजे तर करा हिरवं. पन आधी तिथं राहनाराला विचारा." शेठ जिंकला होता, तरी त्याचा चेहरा पडला. भांडायला माणूस उरला नव्हता.

काही दिवसांनी काकाच्या वाडीतून कोयत्याचे घाव ऐकू यायला लागले. मी जाऊन बघतो तर घरासमोरच्या केळी आडव्या झालेल्या, अळू उपटलेलं, आणि मध्ये समुद्रावरून बैलगाडीने आणलेली वाळू पसरलेली. बस्त्यावकाकाच्या वाडीत रिकामी जागा! मला आधी वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण तो रोज सकाळी उकिडवा बसून त्या वाळूतून डोकावणारी गवताची पाती एकेक करून उपटायचा. वसईची जमीन ती, रहाटाचं पाणी जरा पाझरलं की तिथे माठ, मिरची, हळद, जे जे काकाने आयुष्यभर पेरलं होतं ते सगळं पुन्हा वर यायचं. वाळवंट हिरवं करायला निघालेला हा माणूस चार हात वाळवंट राखता राखता घामाघूम होत होता.

"कात्री येनार हाय, मे महिन्यात. तिच्या तान्ह्या पोराला घेऊन," तो म्हणाला. "तू बस तिथं खाली. नि वर बघ."

मी वाळूत बसलो. वर झावळ्यांच्या मध्ये आभाळाचा एक तुकडा दिसत होता, साधारण घोंगडीएवढा.

"दिसते?"

"दिसतंय की."

"किती?"

"पुष्कळ दिसतंय, काका."

त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही. तो स्वतः माझ्याशेजारी येऊन बसला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि वाळूच्या कडेला उभ्या असलेल्या माडापाशी गेला. त्याच्या वाडीतला सगळ्यात चांगला माड, अंगाखांद्यावर भरगच्च नारळ. त्याच्या बुंध्यावर हात ठेवून त्याने मला विचारलं,

"हा काढला तर तिना आनखी दिसल काय रे?"