मेहुण्याने दिलेली कबुली

दारू पिऊन गाडी चालवली म्हणून न्यायाधीशांनी मास्तरांना दंड केला, तो त्यांनी मुकाट्याने भरला. परवाना सहा महिने निलंबित झाला, तेही सोसलं. पण सहा शनिवार व्यसनमुक्तीच्या वर्गाला बसायचं म्हटल्यावर मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. बावीस वर्षांत निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं, आणि प्रत्येकाला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पिणाऱ्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

"वर्गात माझाच एखादा विद्यार्थी निघाला तर? स्कूलला टाळं लागेल," मास्तर म्हणाले.

"प्यायच्या आधी सुचायला हवं होतं हे," बायको म्हणाली.

"दोनच ग्लास होते गं!"

"न्यायाधीशांनाही हेच सांगितलंत. काय उपयोग झाला?"

वर्ग चुकवला तर परवाना कायमचा रद्द होणार होता. शेवटी मास्तरांनी मेहुण्याला गाठलं. मेहुणा वाचनालयात कारकून. निर्व्यसनी इतका, की खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं सगळं वाचून मगच घ्यायचा.

"भाऊजी, मला खोटं बोलता येत नाही हो."

"बोलायचंय कुठे? कोर्टाचा कागद दाखवायचा, माझं नाव पुकारलं की हात वर करायचा. ताईसाठी एवढं कर."

पहिल्या शनिवारी समुपदेशक बाईंनी विचारलं, "किती पिता?"

"मी पीत नाही," मेहुणा खरं तेच बोलला.

बाईंनी वहीत लिहिलं, 'व्यसन मान्य करत नाही. अवस्था गंभीर.' दुसऱ्या शनिवारी त्याने आईची शपथ घेतली, तेव्हा बाईंनी मास्तरांच्या नावापुढे लिहिलं, 'उपचार केंद्रात दाखल करावे.'

मास्तर हादरले. "अरे, थोडी घे की!"

"भाऊजी!"

"म्हणजे घेतोस असं सांग रे बाबा!"

तिसऱ्या शनिवारी मेहुण्याने मान खाली घालून एका पेगची कबुली दिली. बाईंचे डोळे पाणावले. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. वाचनालयात एकोणीस वर्षं काढलेल्या माणसासाठी आजवर कोणी टाळी वाजवली नव्हती. तिथे आवाजच करायचा नसतो. चौथ्या शनिवारी त्याने पाण्याच्या टाकीवर गाडी घातली. पाचव्याला लेकीच्या स्नेहसंमेलनात गाडी थेट रंगमंचावर चढवली. सहाव्याला वर्ग हुंदके देत होता आणि मेहुणा सगळ्यांत मोठ्याने.

"अरे, मला लेक कुठे आहे?" मास्तर ओरडले.

"तिच्याशिवाय गोष्ट उभी राहत नव्हती, भाऊजी."

चार महिन्यांनी परवान्याची तारीख लागली. मास्तर कोर्टात गेले तर बाई हजर! मास्तर वकिलाच्या आड सरकले. हा तो नव्हे, एवढं त्या बोलल्या असत्या तर परवाना राहिला बाजूला, कोर्टाला फसवल्याबद्दल सरळ तुरुंग होता.

"हेच का ते?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाई मास्तरांकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदराने डोळे टिपले. "काय होता हो हा माणूस! गालफडं बसलेली, नजर वर होत नव्हती. आणि आज बघा, अंग कसं भरलंय! मिशासुद्धा दाट आल्यात. दारू सुटली की माणूस ओळखू येत नाही, ते हे असं."

मास्तरांनी गहिवरल्यासारखं केलं. न्यायाधीश खरोखरच गहिवरले. त्यांनी परवाना तर परत दिलाच, वर हुकूमही दिला: असा माणूस लोकांपुढे यायला हवा. वर्षभर दर शनिवारी परवाना कार्यालयात नवशिक्या चालकांना त्याने स्वतःची कहाणी सांगावी.

पहिल्या शनिवारी मास्तर उभे राहिले, तेव्हा दुसऱ्या रांगेत त्यांच्याच स्कूलचे सहा विद्यार्थी वह्या उघडून बसले होते. पहिल्या रांगेत बाई होत्या. धीर द्यायला मेहुणा आला होता, तो मागे खांबाआड बसला. आठवडाभर त्याने मास्तरांकडून सगळं घोकून घेतलं होतं.

"मी टाकीवर गाडी घातली," मास्तर म्हणाले. "मग स्नेहसंमेलनात घातली. वाईट झालं. दारू पिऊ नये."

मागे एकजण जांभई देऊन उठायला लागला. बाईंच्या कपाळावर आठी उमटली.

मेहुण्याने आधी कपाळावर हात मारला, मग खुर्चीची कड आवळून धरली. पण सहा शनिवारांची मेहनत डोळ्यांदेखत मातीत चाललेली त्याला बघवेना.

"थांबा भाऊजी, असं नाही!" तो ताडकन उठला. "मी सांगतो!"

पहिल्या रांगेतून बाईंनी मागे वळून पाहिलं.