झाकणावरचा शेवटचा बाण

"साहेब, तुम्ही लबाड आहात. सात वर्षं तुम्ही टोलेडोच्या माणसांना 'पुढचं वर्ष' विकताय. संघात एकच धड खेळाडू होता, तोही जूनमध्ये देऊन टाकलात. बदल्यात काय आणलंत? पुढच्या तीन ड्राफ्टमधल्या पहिल्या निवडी! ज्यांना निवडणार ती पोरं अजून शाळेत दप्तर घेऊन जातात. उद्याचं गाजर दाखवून आमचा आज कुणाच्या घशात घातलात? उत्तर द्या."

चेस्टर ग्राबोव्स्कीनं पत्र खणखणीत आवाजात वाचलं आणि पाकिटावर बास्केटबॉल संघाच्या मॅनेजरचं नाव इतकं दाबून लिहिलं की पेनानं कागद फाटला. एकोणतीस वर्षं काचेच्या कारखान्यात भट्टीपुढं उभं राहिलेला माणूस तो. पत्र म्हणजे त्याच्या लेखी पान्यानं नट आवळण्याचंच काम.

"'लबाड' बरोबर आहे," ओटिस न्हावी म्हणाला, "पण 'साहेब' काढ."

"राहू दे," लास्लो म्हणाला. "शिवी देताना साहेब म्हटलं की जास्त लागतं."

ऑगस्टातली शनिवारची दुपार होती आणि तिघं चेस्टरच्या गॅरेजमध्ये बसले होते. तिघांत मिळून अख्ख्या हंगामाची तिकिटं काढलेल्या दोन खुर्च्या, बावीस वर्षं त्याच. घरचे सामने एक्केचाळीस. ते वाटून घ्यायला दर ऑगस्टात गॅरेजमध्येही ड्राफ्ट व्हायचा, म्हणजे पाळीपाळीनं एकेक सामना निवडायचा, लीगमधले संघ नवे खेळाडू निवडतात अगदी तसा. गेल्या वर्षी ज्याच्या वाट्याला सगळ्यांत रद्दी सामने आले, त्याची यंदा पहिली निवड. पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर सगळं लिहायचं, खाली ओटिसनं सही ठोकायची. सही झाली की देवही बदलू शकत नाही, असा नियम.

यंदा पहिली निवड चेस्टरची, दुसरी लास्लोची, तिसरी ओटिसची. चेस्टर काय घेणार हे त्याच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं: बारा जानेवारी, शनिवार. त्या संध्याकाळी संघाच्या जुन्या वीराची, मार्व्हिन टिप्टनची, तेहेतीस नंबरची जर्सी सन्मानानं बंदिस्त मैदानाच्या छताला टांगणार होते. चेस्टरच्या बायकोचा, डोलोरेसचा, टिप्टनवर भारी जीव. एकोणीस वर्षांची असताना मोडका हात गळ्यात बांधून ती बर्फात दोन तास उभी राहिली होती आणि टिप्टननं तिच्या प्लास्टरवर सही केली होती. ते प्लास्टर अजून तळघरात आहे. "बारा जानेवारीला तू आणि मी," असा शब्द चेस्टरनं तिला इस्टरलाच दिला होता.

"सांग बारा जानेवारी आणि मोकळा हो," लास्लो म्हणाला. "मॅनेजरला शिव्या घालणं सोपं आहे रे. त्याच्या खुर्चीत तू असतास तर काय दिवे लावले असतेस?"

हे चेस्टरला झोंबलं. त्याच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. टिप्टननं ऐन अंतिम सामन्यात दोन फ्री थ्रो, अगदी फुकट मिळालेले नेम, चुकवले, म्हणून लास्लो त्याचं तोंडही बघत नाही. ओटिसला शनिवारी चर्चमध्ये गायचं असतं. म्हणजे बारा जानेवारी कुणालाच नको. मग तिच्यावर पहिली निवड कशाला जाळायची?

"लास्लो, माझी पहिली तू घे. तुझी दुसरी मला दे, वर तुझी पुढच्या वर्षीची पहिली."

"दिली," लास्लो म्हणाला आणि नाताळच्या आठवड्यातला शिकागोचा सामना उचलून मोकळा झाला.

चेस्टरला चढली. "ओटिस, तुझी तिसरी मला दे, माझी दुसरी तू घे. वर तुझ्या पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या निवडी."

"घे बाबा," ओटिस म्हणाला. मग शांतपणे चष्मा पुसून त्यानं निवड सांगितली, "बारा जानेवारी."

"अरे, शनिवारी तू गातोस ना!"

"गातोच. मी कुठं जाणार आहे?"

"मग घेतलीस कशाला?"

"तुला हवी आहे म्हणून. बोल, काय देतोस?"

"काय हवं?"

"तुझ्या यंदाच्या पुढच्या आठ निवडी."

"आठ? लाज वाटते का? मी काय तो मॅनेजर आहे, कुणीही यावं आणि लुटून जावं?"

यातून मार्ग म्हणून चेस्टरनं तिहेरी सौदा काढला. लास्लोनं शिकागो ओटिसला द्यायचं. ओटिसनं बारा जानेवारी लास्लोला द्यायची. चेस्टरनं आपल्या यंदाच्या पुढच्या आठ निवडी लास्लोला द्यायच्या, आणि लास्लोनं... इथं चेस्टरला वाटलं, आठ निवडी जाताहेत तर भविष्यही वसूल करावं. म्हणून त्यानं लास्लोच्या २०३१ पर्यंतच्या सगळ्या पहिल्या निवडी मागितल्या. लास्लोनं दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं. चेस्टर झाकणावर बाण काढत सुटला. वर, खाली, चीजच्या डागाला वळसा घालून पुन्हा वर. ओटिसनं सही ठोकली.

"झालं!" चेस्टर म्हणाला. "याला म्हणतात डोकं. बारा जानेवारी कुणाकडं? माझ्याकडं."

ओटिसनं बाणावर बोट ठेवलं आणि फिरवत नेलं. "माझ्याकडून निघाली... इथनं वळली... लास्लोपाशी थांबली."

"तिथून माझ्याकडं."

"तो बाण कुठाय?"

चेस्टरनं झाकण उलटं धरलं. मग उजेडाकडं धरलं. बाण नव्हता.

"लास्लो, तू बोलला होतास!"

"मी 'बघू' म्हणालो होतो. मग तू २०३१ वर गेलास."

"पण तुला टिप्टन आवडत नाही!"

"आता बघेन म्हणतो. माणूस सुधारतो."

"थांबा, थांबा. मग यंदा माझ्याकडं आहे काय?"

ओटिसनं मोजलं. "नववी निवड आणि तिच्या पुढचा गाळ. तेव्हा मंगळवारचे सामने उरतील, तेही सगळ्यांत रद्दी संघांबरोबरचे. पण २०३१ पर्यंत तू राजा आहेस, लेका."

तेवढ्यात डोलोरेस पियेरोगींचं, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचं, ताट घेऊन आली. "घेतलीस ना बारा जानेवारी?"

लास्लोनं पियेरोगी तोंडात कोंबली. चेस्टर म्हणाला, "अगं, सरळ बघायला गेलं तर नाही. पण लांबचा विचार केला तर..."

डोलोरेसनं झाकण घेतलं, सगळ्या बाणांवरून नजर फिरवली आणि लास्लोकडं वळली. "तुझ्याकडं आहे?"

"हो, वहिनी."

"इस्टरच्या आधीचे सगळे उपवासाचे शुक्रवार. पियेरोगी, बटाट्याच्या, तुझ्या घरी पोचत्या. दोन्ही खुर्च्या माझ्या."

"कांदा परतून वर घालणार?"

"घालीन."

"दिली!"

डोलोरेसनं पेन घेतलं आणि लास्लोपासून स्वतःपर्यंत एकच सरळ बाण काढला. ओटिसनं सही केली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

चेस्टरचा जीव भांड्यात पडला. "वा! म्हणजे आपण दोघं..."

"मी आणि वांडा. माझी बहीण. तिनं त्या दिवशी बर्फात माझी छत्री धरली होती."

"आणि मी?"

डोलोरेसनं टेबलावरचं पत्र उचललं, चष्मा लावला आणि शेवटचा प्रश्न सावकाश वाचला. "'उद्याचं गाजर दाखवून आमचा आज कुणाच्या घशात घातलात?'"

तिनं चष्म्यावरून नवऱ्याकडं पाहिलं.

"हं, साहेब. उत्तर द्या."