ताट एवढंच!

मधुआप्पांच्या शेजारी लग्नात जेवायला बसू नये. मी एकदा बसलो. माझ्या पानातला लाडू पलीकडच्या अनोळखी गृहस्थांच्या लाडवापेक्षा मोठा आहे, हे आप्पांच्या नजरेला आलं. त्यांनी शांतपणे दोन्ही लाडू फोडले, तुकडे जुळवले आणि आम्हाला सारखे वाढले. गृहस्थ बघतच राहिले.

"पंक्तिप्रपंच म्हणजे अन्नाचा अपमान," आप्पा म्हणाले.

"अहो, जेवू द्या की त्यांना!" आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, पलीकडून ओरडल्या.

एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक, हा पंक्तिप्रपंच. आप्पांनी उभी हयात कसबा पेठेत मंगल कार्यालय चालवलं, पण हे पाप कधी होऊ दिलं नाही. आता ते कर्वेनगरला आमच्या शेजारी राहतात. काकू गेल्यापासून कुठल्याही लग्नात ते पानावर बसत नाहीत, भांडं घेऊन वाढत सुटतात. घरीसुद्धा ओट्याशी उभ्यानेच जेवतात. विचारलं तर म्हणतात, "वाढप्याला बसायची सवय नसते."

तरुणपणी ते कसब्याच्या संघातून हॉकी खेळत. तेवढ्या भांडवलावर शहराच्या व्यावसायिक हॉकी लीगचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं. सचिवपद माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शेजारी. सामन्याला आप्पा बरोब्बर मध्यरेषेवर खुर्ची टाकतात आणि दोन्ही संघांना मोजून सारख्या टाळ्या देतात.

पण गेली काही वर्षं टाळ्या वाजवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खराडीच्या संघाचे मालक जगताप मोठे बिल्डर. चांगला खेळाडू दिसला की दुप्पट पगार देऊन उचलायचा, हा त्यांचा खाक्या. खराडी नऊ, समोरचे शून्य. मध्यंतरातच लोक घरी जायला लागले. शेंगदाणेवाल्यानेही दुसरं मैदान धरलं. शेवटी कसब्याच्या व्यवस्थापक सुलभाताई आल्या.

"आप्पा, पुढच्या वर्षी आम्हाला धरू नका. मार खायला पगारी माणसं कशाला ठेवायची? तो फुकटातही खाता येतो."

आप्पांचा चेहरा उतरला. कसबा गेला की बाकीचेही उठणार आणि लीगचं दुकान बंद होणार, हे उघड होतं.

पुढच्या बैठकीला लीगमधल्या सहाही संघांचे मालक आले. आप्पांनी पिशवीतून सहा स्टीलची ताटं काढली आणि प्रत्येकासमोर एकेक मांडलं.

"ताट एवढंच! संघाचे सगळे पगार मिळून प्रत्येकाला सारखीच मर्यादा. त्याच्या बाहेर शीतभरसुद्धा सांडायचं नाही. आणि रिकामं ताटही चालणार नाही. प्रत्येक खेळाडूला निदान वरण-भातापुरता पगार द्यायचाच."

जगताप उसळले. "पैसा माझा, प्लेअर माझे! तुम्हाला काय प्रॉब्लेम हाय?"

"पैसा आपलाच. पंगत सगळ्यांची आहे."

"म्हणजे चांगल्या पोरांचे पगार कापायचे?"

"कशाला कापता? जिलब्या घ्या हव्या तितक्या. मग भाताला जागा राहणार नाही, एवढंच. बाकीच्यांना भाताबरोबर एखादी जिलबी मिळेल." आप्पांनी ताटावर बोट वाजवलं. "आणि जगताप, बाकीचे पाच उठून गेल्यावर आपण कुणाला हरवणार? एकट्याची पंगत पाहिलीत कधी?"

मतं पडली. ठराव अध्यक्षांच्या एका जादा मताने पास झाला.

जगतापांनी हट्टाने तीन महागडे फॉरवर्ड ठेवले. उरलेल्या जागेत त्यांना गोलरक्षक मिळाला तो असा, की चेंडू आला की आधी डोळे मिटायचा. त्यांचा खरा गोलरक्षक समीर कसब्याला गेला, तोही होता त्याच पगारावर. आणि काय सांगू, लीगमध्ये जीव आला! कोण जिंकणार हे कुणालाच आधी सांगता येईना. शेंगदाणेवाला परत आला.

अंतिम सामना कसबा विरुद्ध खराडी. बरोबरी सुटेना, म्हणून शूटआउट. शेवटचा फटका खराडीच्या सर्वांत महागड्या फॉरवर्डचा. समीरने पाय पसरला, चेंडू पॅडला लागून बाहेर! मैदान नुसतं उसळलं. सुलभाताई पदर खोचून नाचल्या. कसबा विजेता! आप्पांनी मध्यरेषेवर उभं राहून दोन्ही संघांना टाळ्या दिल्या. कसब्याला एक जास्त पडली, मी मोजली, पण कुणाला बोललो नाही.

संध्याकाळी मैदानावरच सहाही संघांची पंगत बसली. जिलबी-मठ्ठा. आप्पा घामाघूम होऊन वाढत होते. तेवढ्यात हरलेले जगताप उठले, आप्पांच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि म्हणाले, "बसा आता."

"वाढप्याला बसायची सवय..."

"ऱ्हाऊ द्या, आप्पा. एकट्याची पंगत पाहिलीत कधी, असं कोण म्हणालं होतं?"

आप्पा एकदम थबकले. त्या दिवशी बैठकीत ते कुणाच्या जेवणाबद्दल बोलत होते, हे मला तेव्हा कळलं.

समीरने सरकून जागा केली. आप्पा सावकाश मांडी घालून बसले. जगतापांनी त्यांच्या पानात दोन जिलब्या वाढल्या, बाकी सगळ्यांना एकेक होती. आता ओरडणार म्हणून मी कानच टवकारले. आप्पांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"पंक्तिप्रपंच होतोय," ते हळूच म्हणाले, आणि दोन्ही खाल्ल्या.